चोवीस तास बीपीचं मशीन लावताना

मशीन बांधायला पेशंट आला की मी आधी विचारते, "आजची गोळी घेतलीत ना?" औषध लागू पडतंय का हेच बघायचं असतं, त्यामुळे डॉक्टरांनी थांबवलं नसेल तर गोळी नेहमीच्या वेळी घ्यायचीच. पट्टा शक्यतो आपण कमी वापरतो त्या हाताला. सकाळीच अंघोळ उरकून या, नंतर मशीन भिजवता येत नाही.

दिवसा साधारण दर 15 ते 30 मिनिटांनी पट्टा फुगतो. फुगायला लागला की हात सैल सोडून स्थिर ठेवा, बोलू नका. बाकी रोजची कामं चालू द्या. दिवसभर लोळून राहिलात तर रिपोर्ट खोटाच येणार! गोळीची, झोपेची, उठल्याची वेळ कागदावर लिहा. हा कागद फार मोलाचा, कारण पुढच्या गोळीआधीच बीपी चढत असेल तर औषधाचा असर पुरत नाही हे त्यावरूनच कळतं.

रात्री पट्ट्याने झोपमोड होते, इलाज नाही. पण झोपेत बीपी 10 ते 20 टक्के उतरायला हवं, आणि ते दवाखान्यातल्या एका मोजणीत दिसत नाही. चोवीस तासांची सरासरी 130/80 च्या खाली हवी. आकडा जास्त आला तरी गोळी स्वतःहून वाढवू नका.