खवा तपासायचा कसा

भूम-कुंथलगिरी पट्ट्यातला खवा दिवाळीच्या तोंडावर पेढेवाले आणि हलवाई घाऊक उचलतात. बोटांवर चोळून तूप सुटतं का बघणं ठीक, पण वनस्पती तूप घातलेला खवाही हाताला तूप सोडतोच.

नमुना घेताना गोळ्याचा वरचा थर, मध्य आणि तळ, तिन्हींतून थोडा थोडा घ्या आणि कोरड्या चमच्याने एकजीव करा. नुसत्या वरच्या पापुद्र्यावरून काही ठरत नाही.

आधी पिठाची तपासणी. अर्धा चमचा खवा ५ मिली पाण्यात कालवून उकळा. पूर्ण थंड होऊ द्या, मग टिंक्चर आयोडीनचे २-३ थेंब टाका. निळा रंग आला की मैदा, आरारूट, साबुदाणा यांपैकी काहीतरी आहे. न उकळता केलं तर पिष्टाचे दाणे फुलत नाहीत आणि रंग फिका येतो. गरम असतानाच आयोडीन टाकलं तर निळा रंग टिकतच नाही. बहुतेकांची चूक याच घाईत होते. भाताचं पातेलं वापरू नका, चिकटलेल्या शितानेही निळं होतं. शेजारी चिमूटभर कणीक उकळून तेच थेंब टाकून बघा. तिथंही निळं झालं नाही तर आयोडीन जुनं झालंय.

वनस्पती तुपाची तपासणी घरी नको, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. प्रयोगशाळेत खव्यातून काढलेलं वितळलेलं तूप आणि आम्ल समप्रमाणात घेऊन चिमूटभर साखर घालतात, मिनिटभर हलवतात आणि पाच मिनिटं ठेवतात. खालचा आम्लाचा थर किरमिजी झाला तर तिळाचं तेल आहे. आपल्याकडे वनस्पती तुपात ते ओळखीसाठीच घालायला लावलं जातं. साखर न घातलेली एक नळी शेजारी हवीच. काही कृत्रिम रंग नुसत्या आम्लानेही लाल होतात. मात्र तीळ नसलेलं पाम तेल या चाचणीत सापडत नाही, म्हणून लाल आलं नाही एवढ्यावर खवा शुद्ध म्हणू नये.

प्रमाणाचा प्रश्न प्रयोगशाळाच सोडवते: एकूण घनपदार्थ किमान ५५ टक्के, कोरड्या वजनावर दुधाचा स्निग्धांश किमान ३० टक्के, आम्लता ०.९ टक्क्याच्या आत. जंतूंसाठी नमुना द्यायचा तर निर्जंतुक बरणीत, बर्फाच्या डब्यातून, त्याच दिवशी पोचवा. त्यात फॉर्मॅलिन (नमुना टिकवायला वापरतात ते रसायन) घालू नका, जंतूच मरतील.

आंबूस वास किंवा हिरवट बुरशी दिसली तर चाचणीची वाट न बघता तो माल परत करा. वरचा भाग खरवडून उरलेला वापरण्यात अर्थ नाही.