ट्रेलर चालवायला शिकताना: केंद्राच्या निवडीपासून घाटाच्या उतारापर्यंत

न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणाऱ्या ट्रेलरवर चालक म्हणून बसण्यासाठी परिवहन वाहनाची अनुज्ञप्ती (लायसन्स) लागते आणि तिच्यासाठीचे प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी सरळ चासीच्या ट्रकवर किंवा बसवर दिले जाते. परंतु सरळ ट्रक आणि मधोमध वाकणारा ट्रेलर ही चालकाच्या दृष्टीने दोन वेगळी वाहने आहेत. म्हणून प्रशिक्षण केंद्रात गेल्यावर शुल्काच्या आधी हे विचारावे, की केंद्राकडे स्वतःचा ट्रेलर आहे का आणि तो शिकणाऱ्याच्या हाती प्रत्यक्ष किती तास दिला जातो.

कायद्याच्या अटी थोडक्यात अशा आहेत. वयाची २० वर्षे पूर्ण झालेली असावीत, हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष जुनी असावी आणि डॉक्टरांचे नमुना १-अ मधील प्रमाणपत्र जोडावे. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट २०१९ मध्ये रद्द झाली आहे. शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने चालते आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येते. परिवहन वाहनासाठी मान्यताप्राप्त केंद्राचे नमुना ५ मधील प्रमाणपत्रही आवश्यक असते.

या प्रमाणपत्रामागे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी किमान ३० दिवसांचे प्रशिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे १५ तास अपेक्षित धरले आहेत. हे तास नमुना १५ च्या नोंदवहीत लिहिले जातात, आणि ती वही पाहण्याचा आग्रह शिकणाऱ्याने जरूर धरावा. न चालवलेल्या तासांवर सही करू नये. उद्या चाळीस टन वजन मागे घेऊन उतरताना त्या कोऱ्या तासांची किंमत रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाला मोजावी लागू शकते. २०२१ पासून मान्यता मिळू लागलेल्या अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रांत जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो आणि तेथे उत्तीर्ण होणाऱ्याला आरटीओची वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागत नाही. असे केंद्र आवाक्यात असेल तर थोडे अधिक पैसे आणि प्रवास सोसूनही तेथेच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले काही दिवस गाडी सुरू करण्यापूर्वीच्या तपासणीला द्यावेत. ट्रेलरचे ब्रेक हवेवर चालतात, त्यामुळे इंजिन सुरू केल्यावर हवेचा दाब पुरेसा भरेपर्यंत आणि धोक्याचा बझर थांबेपर्यंत गाडी हलवू नये. नंतर चाकांना अडण्या लावून इंजिन बंद करावे, ब्रेक पेडल मिनिटभर दाबून धरावे आणि दाबाचा काटा पाहावा. तो सतत खाली सरकत असेल तर हवा कुठेतरी गळते आहे. घोडा, म्हणजे पुढचा ओढणारा भाग, ट्रेलरला जोडल्यावर टॉर्च घेऊन खाली वाकावे आणि फिफ्थ व्हीलचा, म्हणजे घोड्यावरच्या जोडाच्या गोल तबकडीचा, जबडा किंगपिनभोवती, म्हणजे ट्रेलरच्या खालच्या खुंटीभोवती, पूर्ण मिटला आहे, तबकडी आणि ट्रेलरचा तळपत्रा यांमध्ये फट राहिलेली नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. हवेचे पाइप आणि विजेची केबल जोडून, ट्रेलरचे ब्रेक लागलेले ठेवून, सर्वांत खालच्या गिअरमध्ये गाडी हलकेच पुढे ओढून पाहावी, आणि जोड पक्का असल्याची खात्री झाल्यावरच ट्रेलरचे पाय, म्हणजे सुटा ट्रेलर ज्यांवर उभा राहतो ते टेकू, वर उचलावेत.

सर्वाधिक वेळ रिव्हर्सला द्यावा लागतो. मागे जाताना घोड्याचे स्टिअरिंग ज्या बाजूला वळवाल त्याच्या उलट बाजूला ट्रेलरची शेपटी जाते, आणि हे डोक्याला समजले तरी हाताला समजायला बराच सराव लागतो. सुरुवातीला एक हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. शेपटी उजवीकडे हवी असेल तर हात उजवीकडे, डावीकडे हवी असेल तर डावीकडे न्यावा. स्टिअरिंग थोडेच फिरवावे, कारण ट्रेलरचा प्रतिसाद उशिरा येतो आणि तोवर नवखा चालक गरजेपेक्षा जास्त फिरवून बसतो. कोन वाढत चालला की हट्टाने मागे न जाता पुढे घेऊन गाडी सरळ करावी. यात कमीपणा अजिबात नाही, अनुभवी चालकही तेच करतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे शक्य असेल तेथे उजव्या बाजूला रिव्हर्स घ्यावा, म्हणजे शेपटी खिडकीतून दिसत राहते. क्लीनरच्या बाजूला घ्यायची वेळ आली, तर खाली उतरून जागा पाहून यावी आणि क्लीनरला आरशात दिसेल अशा ठिकाणी उभे करावे. तो दिसेनासा झाला की गाडी तत्काळ थांबवावी.

वळणावर ट्रेलरची मागची चाके घोड्याच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, ती आतून कापत येतात. डाव्या वळणाला हे विशेष धोक्याचे असते, कारण गाडी वळणासाठी उजवीकडे घेताच डावीकडे मोकळी दिसणारी जागा दुचाकीस्वाराला वाट वाटते. म्हणून वळण्याआधी, वळताना आणि वळण संपताना असे तीनदा डाव्या आरशात पाहण्याची सवय प्रशिक्षणातच हाडात मुरवून घ्यावी.

घाटाचा सराव प्रशिक्षकाला शेजारी बसवून आणि शक्यतो भरलेल्या गाडीवर करावा, कारण रिकामा ट्रेलर उताराविषयी काहीच शिकवत नाही. बोरघाट असो वा कसारा, गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच खाली आणावा. एकदा वेग वाढला की खालचा गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकण्याची भीती असते. वेग मुख्यतः इंजिनाने आणि एक्झॉस्ट ब्रेकने, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणाऱ्या ब्रेकने, रोखावा. पेडल सतत दाबून ठेवल्यास ब्रेक ड्रम तापतात आणि पकड कमी होत जाते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणारे चालक अजूनही भेटतात. त्यांचे कधीही ऐकू नये. इलेक्ट्रॉनिक इंधन पुरवठा असलेले इंजिन गिअरमध्ये असताना पाय अ‍ॅक्सिलेटरवरून काढला की डिझेल घेणे जवळपास थांबवते, न्यूट्रलमध्ये मात्र ते घेतच राहते. शिवाय इंजिनाचा सगळा अवरोध हातचा जातो.

अनुज्ञप्ती हाती आल्यावर थेट एकट्याने लांब पल्ल्याची फेरी घेऊ नये. काही महिने अनुभवी चालकासोबत दुसरा चालक म्हणून काम करावे आणि नोकरी ठरवतानाच कामाच्या तासांबद्दल बोलून घ्यावे: नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानुसार सर्वसाधारणपणे दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा होती.