पायथॉनमध्ये तारीख-वेळ हाताळताना या चुका टाळा

सोलापुरात पायथॉन शिकून थेट कामाला लागणाऱ्या मुलांच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ हमखास सापडते: डेटटाइम.नाऊ, आणि कंस रिकामा. ही ओळ भारतीय वेळ देते असा समज आहे. प्रत्यक्षात ती ज्या यंत्रावर चालते त्याच्या घड्याळातील वेळ देते, आणि ती कोणत्या प्रदेशाची याची नोंद सोबत ठेवत नाही.

अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात याचा फटका कामगारांना बसला. कार्यालयातील संगणकावर बिनचूक चालणारा हजेरीचा प्रोग्रॅम यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ, भारतापेक्षा साडेपाच तास मागे) वेळेच्या सर्व्हरवर हलवला गेला आणि मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक नोंद आदल्या तारखेवर पडू लागली. रात्री साडेबाराला सुरू होणाऱ्या तिसऱ्या पाळीचे येणे एका तारखेला आणि जाणे दुसऱ्या तारखेला दिसल्यामुळे दोन्ही दिवस अपुरे ठरले व खाडे लागले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने घाईघाईने साडेपाच तास मिळवून दिले. पुढे तीच फाइल कार्यालयातील संगणकावर परत आली, तेव्हा संध्याकाळी साडेसहानंतर येणाऱ्यांना उद्याची तारीख मिळू लागली. मुकादमाची वही मात्र दोन्ही वेळा बरोबर होती.

साडेपाच तास हाताने मिळवणे हा उपाय नव्हे. मी डेटटाइम.नाऊला टाइमझोन.यूटीसी देऊन वेळ घेतो, तशीच साठवतो आणि केवळ दाखवताना अ‍ॅसटाइमझोनने ‘एशिया/कोलकाता’मध्ये बदलतो. त्यासाठीचे झोनइन्फो मॉड्यूल 3.9 आवृत्तीपासून पायथॉनमध्येच आहे. विंडोजवर टीझेडडेटा हे प्रदेशांच्या वेळांची माहिती असलेले पॅकेज वेगळे बसवावे लागते, आणि हे न वाचताच झोनइन्फो बिघडले म्हणणारे पुष्कळ भेटतात. रिप्लेसने टीझेडइन्फो, म्हणजे वेळेसोबतची प्रदेशाची नोंद, बदलल्यास घड्याळाचे आकडे तेच राहतात, फक्त चिठ्ठी बदलते. जुन्या पायटीझेड लायब्ररीचा प्रदेश डेटटाइमच्या कंसात थेट दिला, तर यूटीसीपासूनचा फरक 5:30 ऐवजी 5:53 येतो, कारण तेथे कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ लागू होते.

यूटीसी वेळ देणारे पण तशी नोंद सोबत न ठेवणारे यूटीसीनाऊ वापरू नये; 3.12 पासून ते कालबाह्य ठरवले आहे. तारीख-वेळेचा नमुना लिहिताना लहान एम (%m) म्हणजे महिना, मोठा एम (%M) म्हणजे मिनिटे.

तारीख वाचताना क्रम ओळखण्याचे काम लायब्ररीवर सोपवणे मला मुळीच मान्य नाही. 14/01 मध्ये चौदावा महिना नसल्याने महिना-दिवस क्रमाची चूक निदान पकडली तरी जाते. 05/01 मात्र निमूटपणे 1 मे होते. म्हणून मजकुरातून तारीख वाचणाऱ्या स्ट्रपटाइमला नमुना स्वतः लिहून द्यावा. जावास्क्रिप्टकडून आलेला वेळेचा आकडा मिलिसेकंदांत असतो. सेकंदांवरून तारीख-वेळ बनवणाऱ्या फ्रॉमटाइमस्टँपला देण्यापूर्वी त्याला 1000 ने भागावे.