शंभर गुणाकार, एक मल्टिप्लायर

आमच्या भजनी मंडळाच्या स्पीकरसाठी दहा बँडचा (म्हणजे आवाजाचे दहा पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारा) स्टिरिओ इक्वलायझर मी लॅटिसच्या आइस४० यूपी५के या छोट्या एफपीजीएवर, म्हणजे आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशा चिपवर, बसवतो आहे. चिपमध्ये लॉजिक सेल (सर्किटाचे छोटे घटक) ५,२८०; १६ बाय १६ बिटांचे मल्टिप्लायर, म्हणजे गुणाकार करणारी तयार सर्किटं, फक्त ८. एका बँडच्या फिल्टरला ५ गुणाकार लागतात, म्हणजे दोन्ही चॅनेलचे मिळून १००. एवढं पाहून बरेच जण मोठी चिप मागवतात. थांबा, आधी वेळ मोजा.

आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने येतात आणि क्लॉक, म्हणजे चिपचा ठोका, आहे २४ मेगाहर्ट्झ. म्हणजे एका नमुन्यामागे ५०० क्लॉक हाताशी. दर क्लॉकला एक गुणाकार सुरू केला तर एकाच मल्टिप्लायरवर काम निभतं. खर्जाच्या बँडना १६ बिट अपुरे पडतात, म्हणून सगळीकडे ३२ बिट घेतले तरी प्रत्येक गुणाकाराचे चार तुकडे होऊन ४०० क्लॉक लागतात. तेही बसतं.

आता क्रम. खरी कमाई इथेच आहे, म्हणून कोणता गुणाकार कोणाच्या उत्तरासाठी थांबतो याचा आलेख कागदावर काढाच. प्रत्येक गुणाकार लवकरात लवकर कधी सुरू होऊ शकतो आणि उशिरात उशिरा कधी चालेल, हे दोन आकडे शेजारी लिहा. दोन्हींतला फरक म्हणजे त्याची सवड. सध्या १६ बिटांचाच हिशेब धरू. फिल्टरच्या पाचांपैकी चार गुणाकार जुन्या नमुन्यांचे. त्यांचा डेटा मेमरीत तयार असतो. ताज्या इनपुटचा पाचवा मात्र आधीच्या बँडच्या उत्तरासाठी अडतो. तो शेवटी ठेवा. समजा मल्टिप्लायरचं उत्तर तीन क्लॉकनंतर हाती येतं. पाचव्या क्लॉकला सुरू केलेल्या गुणाकाराचं उत्तर आठव्याला मिळेल, आणि पुढच्या बँडला ते दहाव्याला लागेल. मधल्या क्लॉकमध्ये त्या बँडचे जुने चार गुणाकार सुरू होतात, एकही क्लॉक रिकामा जात नाही. ताजा गुणाकार पहिला घेतलात तर पुढचा बँड सहाव्याऐवजी आठव्याला सुरू होतो. दर बँडला दोन क्लॉक वाया.

मल्टिप्लायर वाटून घेतला म्हणून बेरजेची सर्किटंही वाटून घेऊ नका. या चिपमध्ये एका बिटाची बेरीज एका लॉजिक सेलमध्ये होते, आणि दोनांतून एक निवडणारा मल्टिप्लेक्सरही एक सेल खातो. १६ बिटांचा अ‍ॅडर, म्हणजे बेरजेचं सर्किट, दोन बेरजांत वाटायचा तर दोन्ही इनपुटांना मल्टिप्लेक्सर लागतात: १६ सेल वाचवायला ३२ खर्च.

मेमरीचे पोर्टही (डेटा आत-बाहेर जायच्या वाटा) वेळापत्रकात धरा, हे नेहमी विसरलं जातं. ४ किलोबिटच्या ब्लॉकला वाचायचा पोर्ट एकच. आपल्याला दर क्लॉकला एक गुणांक (फिल्टरचा ठरलेला आकडा) आणि एक नमुना हवा, तेव्हा दोन्ही वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवा. ब्लॉक ३० आहेत. चिपमधल्या मोठ्या, एकाच पोर्टच्या मेमरीत (एसपीरॅम) एका क्लॉकला वाचन किंवा लेखन, दोन्हीतलं एकच होतं, म्हणून तिथे नमुने ठेवलेत तर लेखनासाठी स्वतंत्र क्लॉक राखा.

तयार वेळापत्रक स्टेट मशीनमध्ये, म्हणजे एकेक पायरी ठरवणाऱ्या सर्किटात, हाताने कोरू नका. एक काउंटर घ्या, एका छोट्या रॉमच्या (फक्त वाचायच्या मेमरीच्या) दर ओळीत गुणांकाचा आणि नमुन्याचा असे दोन पत्ते आणि लेखनाचा बिट लिहा. बँड वाढवायचा झाला की ओळी वाढवायच्या, सर्किटला हात लावावा लागत नाही.