कमी पाण्यात मधमाश्यांसाठी फुलझाडं कशी लावायची

मार्च लागला की आमच्या मराठवाड्यात नळाला पाणी कधी येईल ते देवालाच माहीत, २०१६ ला तर लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती. त्यामुळं नर्सरीतून पिटुनिया नि विलायती गुलाब आणून उन्हाळ्यात जगवायच्या भानगडीत पडू नका, उगं झाडाचाही जीव जातो आणि आपलाही.

गेलार्डिया, पिवळा-केशरी कॉसमॉस, ऑफिस टाईम (म्हणजे पोर्टुलाका, चिनी गुलाब) आणि तुळस, एवढ्यावर भागतं. ऑफिस टाईमची काडी खोचली तरी लागते, पानात-देठात पाणी साठवून ठेवते, पण फूल फक्त सकाळी ऊन आल्यावर उघडतं म्हणून ऊन असेल तिथंच लावा. झेंडू घ्यायचा तर गच्च गोंड्याचा नको, पाकळ्यांच्या गर्दीत मधमाशीला तोंड घालायला जागाच राहत नाही, मधली पिवळी चकती उघडी दिसते तो एकेरी गावठी घ्या. आणि तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका हो, थोड्या राहू द्या, सकाळी बघा, बारक्या फुलोरी जातीच्या मधमाश्या मागच्या पायाला परागाच्या गोळ्या चिकटवून ह्या तुऱ्यावरून त्या तुऱ्यावर फिरत असतात.

बी मृगाचा पाऊस पडून जमीन चांगली ओली झाली की टाका, म्हणजे पावसाळ्यातच मुळं खाली जातात. काळ्या रानात थोडा मुरूम नि शेणखत मिसळा, नुसती काळी माती पावसात चिबडते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात. भेगांवर उपाय म्हणजे बुडाशी दोनेक इंच सोयाबीनचं नाहीतर तुरीचं भुसकट. रोज तांब्याभर पाणी घालायची सवय मोडा, मूळ वरच्या वरच राहतं, त्यापेक्षा रोपं धरल्यावर चार-सहा दिवसांनी बुडाशी भरपूर घाला, संध्याकाळी. भाज्या-तांदूळ धुतलेलं चालतं, आरओचं वाया जाणारं पाणी रोज नको, त्यात क्षार फार, बोअरचं असेल तर अजूनच.

माश्यांना पण पाणी लागतं की! पसरट परळात खडे टाकून थोडंच पाणी ठेवा, खडे वर दिसले पाहिजेत नाहीतर बुडतात, आणि रोज बदला, डास होतात.

मावा (रस शोषणारी बारकी कीड) आला तर फुलांवर विषारी औषध मारायचंच नाही, आधी पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा, तरी हटला नाही तर निंबोळी अर्क, तोही माश्या घरी गेल्यावर, दिवस मावळताना.