कच्चा खर्डा दुसऱ्याच्या हाती देताना

पुण्यात लिहिणाऱ्यांचे छोटे छोटे गट पुष्कळ आहेत. कोथरूडला कुणाच्या तरी हॉलमध्ये, सहकारनगरला सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, तिकडे चिंचवडला शाळेच्या रिकाम्या वर्गात आठ-दहा जण जमतात, एकमेकांच्या कथा आणि ललित लेख वाचतात आणि त्यावर बोलतात. मी अशा एका गटात बरीच वर्षं आहे. नवीन आलेल्यांना इथली रीत समजावून सांगायचं काम हल्ली बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं. दर वेळी तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

नवीन माणूस येतो तेव्हा त्याला जरा धाकधूक असते. पुणेरी शेरा म्हणजे काय, हे त्याने पाट्यांवरच्या विनोदांतून ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात टोचून बोलणारी माणसं गटात फार टिकत नाहीत. जास्त नुकसान ‘खूप छान, मस्त जमलंय, लिहीत राहा’ याने होतं. हे ऐकून लेखक खूश होऊन घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी खर्डा उघडल्यावर नेमकं काय करायचं हे त्याला कळत नाही. ‘हे कथा म्हणून उभंच राहत नाही’ हा शेरा ऐकायला जड वाटतो, पण तोही तितकाच पोकळ. त्यातून बोलणाऱ्याची उंची कळते, कथेतलं काही कळत नाही.

आमच्याकडे खर्डा बैठकीच्या चार दिवस आधी सगळ्यांना जातो, आणि लांबी साधारण अडीच हजार शब्दांच्या आत ठेवतो. प्रत्येकाने तो दोनदा वाचायचा असतो, आणि पहिल्यांदा पेन हातात न घेता. हे सांगितलं की लोक माना डोलावतात आणि पहिल्याच वाक्यावर ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायला लागतात. पेन हातात असलं की डोळा चुका शोधतो, गोष्ट वाचत नाही. पहिल्या वाचनात फक्त स्वतःवर लक्ष ठेवायचं. मी कुठे मोबाइल उचलला? कुठे मागचं पान पुन्हा उलटून बघितलं? कुठे हसले? पुढे जे काही बोलायचं त्याचा कच्चा माल हाच.

एक नमुना देते. उतारा मी इथल्यापुरता रचलेला आहे, पण असे खर्डे दर महिन्याला येतात.

‘रमेशने दार उघडलं. समोर वडील उभे होते. चार वर्षांनी आले होते. त्याला खूप राग आला. राग, दुःख आणि कुठेतरी खोल दडलेलं प्रेम असं सगळं एकदम उफाळून आलं. “या,” तो म्हणाला. वडिलांनी चपला काढल्या आणि जोडीने भिंतीला लावून ठेवल्या.’

यावर कुणीतरी म्हणतं, ‘भावना सुंदर पकडल्यात.’ दुसरं कुणी कार्यशाळेतून शिकून आलेलं असतं, ते म्हणतं, ‘सांगू नका, दाखवा.’ तिसऱ्याला स्फूर्ती येते: ‘वडील यायलाच नको होते. त्यांचं पत्र आलं असतं तर जास्त परिणाम झाला असता.’ आणि एखादी बाई सावकाश सांगते, ‘राग, दुःख, प्रेम या वाक्याशी मी रमेशपासून लांब गेले. तीन भावना ओळीने आल्या आणि एकही माझ्यापर्यंत पोचली नाही. चपलांच्या वाक्याला मी परत आत आले. मुलाच्या घरी परक्यासारखा चपला लावणारा बाप मला दिसला.’

कामाचा शेरा हा शेवटचा. नेमकं वाक्य कोणतं, तिथे वाचणाऱ्याचं काय झालं आणि तिच्या मते कशामुळे झालं, एवढंच तिने सांगितलं. ते वाक्य काढायचं, बदलायचं की हट्टाने ठेवायचं, हे लेखकावर सोडलं. शिंप्याकडे कपडे घालून बघणारा माणूस ‘काखेत ओढतंय’ म्हणतो, कात्री मागत नाही. तिसऱ्या माणसाने मात्र कात्री उचलली आणि स्वतःची गोष्ट बेतायला घेतली. असं करणारे बहुधा चांगले लेखक असतात, म्हणून त्यांना आवरणं अवघड जातं. तुमच्या तोंडून ‘मी असतो तर’ निघालं, की वाक्य तिथेच सोडून द्या आणि मुळात तुम्हाला खटकलं काय, तेवढं सांगा. आणि चपलांचं वाक्य जमलंय हे बोलून दाखवणंही तितकंच गरजेचं. त्यात गोड बोलण्याचा भाग नाही. सांगितलं नाही तर पुढच्या खर्ड्यात लेखक नेमकं तेच काढून टाकतो, हे मी पाहिलेलं आहे.

काही वेळा मत देण्यापेक्षा प्रश्न विचारलेला बरा. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९०च्या सुमारास कलाकृतींवर अभिप्राय देण्याची एक चार टप्प्यांची रीत बसवली. आधी पाहणाऱ्यांनी आपल्याला काय भिडलं ते सांगायचं, मग कलाकाराने आपले प्रश्न विचारायचे, मग पाहणाऱ्यांनी मत न मिसळलेले प्रश्न विचारायचे, आणि मत सगळ्यात शेवटी, तेही कलाकाराची परवानगी घेऊन. आम्ही हे सगळं सोवळं पाळत नाही, बैठक रात्रीपर्यंत चालेल. पण तिसरा टप्पा उचलला आहे. ‘शेवट इतका फिल्मी का केलात?’ हे प्रश्नचिन्ह लावलेलं मत झालं. ‘सुनीता परत येते, तिथे वाचकाला काय वाटावं असं तुमच्या मनात होतं?’ हा प्रश्न. याचं उत्तर देता देता लेखकालाच पुष्कळदा कळतं की मनात होतं ते कागदावर आलेलं नाही.

आता नात्यांचा मामला. गटात बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई असतात आणि हिंजवडीत नोकरी करणारा पंचविशीतला मुलगाही असतो. तो काकांच्या कथेवर काय बोलणार? ‘काका, फारच सुंदर.’ काका म्हणणं सोडायची गरज नाही, वाक्याचा कर्ता तेवढा बदलायचा. ‘काका, तुम्ही तिसऱ्या पानावर भरकटलात’ हे जिभेवर येत नाही. ‘काका, तिसऱ्या पानावर लग्नाचा तपशील सुरू झाला आणि मी मूळ भांडण विसरलो’ हे सहज बोलता येतं. मोठ्यांनाही एक सवय सोडावी लागते. ‘बाळा, अजून खूप वाच’ हा सल्ला वयाला दिलेला आहे, खर्ड्याला नाही. आणि बोलण्याचा क्रम आम्ही उलटा ठेवतो, वयाने सगळ्यात लहान आणि गटात सगळ्यात नवीन माणूस आधी. सर आधी बोलले की पुढचे सगळे ‘सरांशी सहमत’ म्हणून चहाकडे बघायला लागतात.

शुद्धलेखनावर आमच्या बैठकीचा एक मिनिटही जात नाही. टंकनाच्या आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ज्याने त्याने प्रतीवर खुणा करून लेखकाला द्यायच्या, चर्चेत आणायच्या नाहीत. हा नियम होण्यामागे कारण आहे. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेसाठी गावोगावची मुलं-मुली दिवस काढतात. त्यातली काही लिहितात आणि कधी कधी अशा गटांत येतात. माणदेशातल्या एका मुलीने आणलेल्या कथेत आजी म्हणत होती, ‘अगं, हंड्यात पानी कुठंय? सकाळधरनं नळच आला न्हाई.’ प्रती परत आल्या तेव्हा दोन-तीन जणांनी ‘पानी’ला लाल गोल करून ‘पाणी’ लिहिलेलं, ‘न्हाई’चं ‘नाही’ केलेलं, ‘सकाळधरनं’ खाली नुसती रेघ. पुढच्या बैठकीला ती सुधारलेली प्रत घेऊन आली: ‘अगं, हंड्यात पाणी कुठे आहे? सकाळपासून नळच आलेला नाही.’ एका वाक्यात आजी पुण्यात, प्रभात रोडला राहायला आली.

लाल पेन चालवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आपण नियमाने चाललोय अशी त्यांची समजूत होती. पण नियम तरी पुरते वाचलेले असावेत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत भर पडून ते १८ झाले. त्यांतच एक नियम असा आहे की कुणाच्या बोलण्यातला उच्चार दाखवायचा असेल तेव्हा तो उच्चाराप्रमाणे लिहावा. म्हणजे नियमाच्या हिशेबाने बघितलं तरी आजी बरोबर होती.

मग बोलीतल्या खर्ड्यावर काही बोलूच नये का? जरूर बोलावं. आजी पहिल्या पानावर ‘पानी’ म्हणते आणि चौथ्यावर ‘पाणी’, हे मुद्दाम आहे का ते विचारावं. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत असेल तर मधली उडी वाचताना जाणवते का, ते सांगावं. एखादा शब्द अडला तर ‘अडले, पण अंदाजाने पुढे गेले’ आणि ‘अडले आणि प्रसंगच कळला नाही’ यांत फरक करून सांगावं. पहिल्याला काही करायची गरज नसते. लगेच ‘शेवटी शब्दार्थ द्या’ म्हणू नये. प्रभात रोडच्या शब्दांचे अर्थ माणदेशातल्या वाचकाला कुणी दिले होते?

या शहरात हा प्रश्न जुना आहे. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली तेव्हा जोतीराव फुल्यांनी यायला नकार देणारं पत्र पाठवलं. शूद्रातिशूद्रांचे हक्क जे मान्य करत नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्याचा रोख होता. आमच्या हॉलमधल्या लाल गोलाचं त्या पत्राशी थेट नातं जोडायला मी जाणार नाही. पण ‘भाषा जरा नीट करा’ असं तोंडून निघण्याआधी नीट म्हणजे कुणासारखी, हे मनात विचारून बघायला हरकत नसावी.

आता खर्डा ज्याचा आहे त्याने काय करायचं? त्याच्या खर्ड्यावर चर्चा चालू असेतो गप्प बसायचं. हे आमचं डोकं नाही. अमेरिकेत मिलफर्ड गावी १९५६ साली विज्ञानकथालेखकांच्या बैठका सुरू झाल्या. एकेकाने क्रमाने बोलायचं आणि लेखकाने तोपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही रीत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ऐकायला सोपी, पाळायला महाकठीण. ‘अहो, ते पुढे येतं’ हे वाक्य प्रत्येक नवीन माणसाच्या ओठांवर असतं. येत असेल पुढे. पण अंक हातात घेऊन बसलेल्या वाचकाशेजारी तुम्ही बसणार नाही. त्याने जिथे पान मिटलं, तिथे मिटलं.

गप्प बसून सगळं लिहून घ्या, मूर्खपणाचं वाटलं तेसुद्धा, आणि कोण म्हणालं तेही. शेवटी तुमची पाळी आली की स्पष्टीकरण देत बसू नका, अडलेलं एखादं विचारून घ्या. मग वही दोन-तीन दिवस बंद. त्याच रात्री बसून केलेली दुरुस्ती बहुतेक वेळा शेवटी बोललेल्या माणसाला खूश करण्यासाठी असते.

वही उघडाल तेव्हा उपाय वाचू नका, जागा बघा. तिघांनी तीन वेगवेगळे उपाय सुचवलेत, एक म्हणतो प्रसंग वाढवा, एक म्हणतो काढा, एक म्हणतो पात्रच बदला, पण तिघंही त्याच पानावर अडलेत. मग त्या पानात काहीतरी आहे, उपाय तिन्ही चुकीचे असले तरी. बऱ्याचदा खरी गडबड त्या पानाच्याही आधी असते: पाचव्या पानावरचं रडणं खोटं वाटतं, कारण दुसऱ्या पानावर त्या माणसाची आपल्याला ओळखच झालेली नाही. एकट्याच माणसाचा आक्षेप असेल तर तो वाचक कोण आहे ते बघा. भयकथा ज्याला मुळातच आवडत नाही त्याने ‘भुताची गरज आहे का?’ विचारलं तर आभार मानून पुढे जा. मात्र गोष्ट पोलीस ठाण्यात घडते आणि गटातल्या वकिलाने ‘जामीन असा मिळत नाही’ म्हटलं, तर तो एकटा बाकीच्या नऊ जणांना भारी आहे.

सगळं ऐकलं तर काय होतं, तेही पाहिलं आहे. एक चांगली, थोडी वेडीवाकडी गोष्ट तीन बैठकांत इतकी गुळगुळीत झाली की तिच्यावर कुणालाच काही बोलायचं उरलं नाही. मराठीत साक्षेपी वाचकाची मोठी परंपरा आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक ‘सत्यकथा’ मासिकासाठी आलेल्या कथांवर नवोदितांना पत्रं लिहीत, पुनर्लेखन करून घेत. त्या पत्रांवर लेखक घडले. आणि त्याच ‘सत्यकथे’ची १९६९ साली तरुण लघुअनियतकालिकवाल्यांनी, म्हणजे स्वतःची छोटी अनियमित नियतकालिकं काढणाऱ्या बंडखोर लेखकांनी, होळी केली, कारण तिथल्या अभिरुचीचा साचा झाला आहे असं त्यांना वाटत होतं. मला दोन्ही बाजूंचं पटतं. गटातल्या दहा जणांची आवडही दोन-तीन वर्षांत एकसारखी व्हायला लागते. म्हणून आम्ही अधूनमधून नवीन माणसं मुद्दाम घेतो, शक्यतो आमच्यासारखं न वाचणारी.

आणखी एक गोष्ट हंगामाची. दिवाळी अंकांची धांदल पावसाळ्यातच सुरू होते आणि बऱ्याच संपादकांना साहित्य जून-जुलैपर्यंत हवं असतं. पूर्वी निदान ‘साभार परत’ची चिठ्ठी यायची, हल्ली पुष्कळदा उत्तरच येत नाही, त्यामुळे जे काही ऐकायचं ते पाठवण्याआधी ऐकलेलं बरं. दिवाळीसाठी लिहिताय तर खर्डा मार्च-एप्रिलमध्ये आणा, म्हणजे मोडून पुन्हा बांधायला वेळ मिळेल. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कुणी आणलाच, तर आम्ही फक्त नावं, तारखा, नात्यांचा गोंधळ आणि टंकनाच्या चुका बघतो. ‘शेवट बदला’ म्हणायची त्या आठवड्यात कुणालाच मुभा नाही, सरांनासुद्धा.