मल्चिंग पेपर आणि होडीची ताडपत्री: भंगारात कशी द्यावी

कलिंगडाचा शेवटचा तोडा झाला की वावरात मल्चिंग पेपर, म्हणजे बेडवर अंथरलेला प्लास्टिकचा पातळ कागद, उरतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास पावसाळ्यासाठी शाकारलेल्या (झाकून ठेवलेल्या) होड्या उघडल्या की किनाऱ्यावर ताडपत्र्यांचा ढीग पडतो. दोन्हींचा शेवट सहसा सारखाच: कोपऱ्यात रास आणि तिला काडी. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घातली आहे. साध्या प्रकरणात ५,००० रुपये दंड, मोठा ढीग असेल तर २५,०००.

भंगारवाला हा माल घेत नाही, ही तक्रार बांधाबांधावर ऐकू येते. पण तो प्लास्टिकला नाही म्हणत नाही, मातीला म्हणतो. २५ मायक्रॉनचा, चार फुटी, ४०० मीटरचा रोल साधारण ११ किलोचा असतो. दीड मीटरवर बेड धरले तर एकरी सहा-सात रोल लागतात, म्हणजे ७० ते ७५ किलो प्लास्टिक. ओल्या मातीसकट ओढून काढलेला हाच कागद दुपटीहून जड भरू शकतो. ती माती प्लास्टिकवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात कटरची पाती बोथट करते, धुलाईचं पाणी वाढवते, एक्स्ट्रूडरची (प्लास्टिक वितळवून दाबणाऱ्या यंत्राची) जाळी तुंबवते. एवढा खर्च करून हाती येतो तो काळा दाणा (जुनं प्लास्टिक वितळवून केलेला), त्याला भाव तो किती असणार?

म्हणून खरं काम वावरातच आहे.

मल्चिंग कसं काढावं

ठिबक बंद करा आणि जमीन सुकू द्या. काळ्या जमिनीत मात्र अती थांबू नका. रान कडक झालं की ढेकळं कागदाची कड पकडून बसतात आणि ओढताना पट्टी पट्टी होते. वाफसा सरता सरता, वरची माती भुरभुरीत असताना काढणं सगळ्यात सोपं. वेल किंवा झाडं बुंध्याशी कापून बाहेर टाका. मुळासकट उपटत बसलात तर प्रत्येक भोक फाटत जातं. मग बेडच्या टोकाकडून ठिबकच्या नळ्या ओढून घ्या.

आता कडा. मातीत दाबलेली कड खुरप्याने किंवा कुळवाच्या हलक्या पाळीने मोकळी करा. दोन माणसांनी दोन कडा धरायच्या, उचलायचं, झटकायचं, पुढे जायचं. घाईने लांबवर ओढू नका. जुन्या पीव्हीसी पाइपवर गुंडाळत गेलात तर हात भरून येत नाहीत. गुंडाळण्याआधी कागद तारेच्या कुंपणावर दिवसभर टाकून ठेवा. चिकटलेली माती वाळून आपोआप झडते. धुवायची गरज नाही. धुतलात तर चिखल होईल आणि तोच पुन्हा चिकटेल.

रोटाव्हेटर फिरवायच्या आधी उरलेले तुकडे हाताने वेचा. हे कंटाळवाणं आहे, मजुरी लागते, पण एकदा रोटाव्हेटरने त्यांचा चुरा केला की ते कुणालाच वेचता येत नाहीत. आणि पीक संपल्यावर कागद महिनोन्महिने उन्हात पडू देऊ नका. ऊन त्याला ठिसूळ करतं, मग हात लावला की तुकडे.

पुढच्या हंगामाचा रोल घेतानाच याचा विचार केलेला बरा. पातळ कागद स्वस्त पडतो, पण अखंड निघत नाही. ३० मायक्रॉनचा बराचसा निघतो. ‘उन्हात आपोआप विरघळतो’ असं सांगून विकला जाणारा ऑक्सो-डिग्रेडेबल कागद घेऊ नका. तो विरघळत नाही, बारीक तुकडे होऊन मातीत राहतो. युरोपीय महासंघाने अशा मालावर २०२१ पासून बंदी घातली आहे. तो चांगल्या कागदात मिसळला तर दाणाही बिघडतो.

होडीची ताडपत्री

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढ्या काळात होडीवर पाऊस झेललेली ताडपत्री मल्चिंगच्या मानाने स्वच्छच असते. मीठही बरंचसं पावसाने धुतलेलं असतं. शेवाळ आणि वाळू साध्या पाण्याने काढा, पण खाडीत बुचकळून नव्हे. नेहमीची ताडपत्री म्हणजे एचडीची (कडक पॉलिथिनची) वीण आणि तिच्या दोन्ही अंगांना एलडीचा (मऊ पॉलिथिनचा) थर. अडचण कडेला आहे: धातूची कडी, शिवणीतली दोरी, बांधायच्या सुतळ्या. सगळ्या बाजूंनी दोन-तीन बोटं रुंद कडच कापून काढा. डिझेल, ग्रीस किंवा डांबर लागलेला भाग वेगळा. मधला कपडा शाबूत असेल तर भंगारात कशाला, गोठ्यावर किंवा लाकडांच्या राशीवर अजून दोन पावसाळे काढेल. (पूर्वी नारळाच्या झापांनी शाकारायचे, ती सामग्री कुजून माडाच्या आळ्यात जायची. ती सोय आता राहिली नाही.)

वेगळं करणं

मल्चिंग आणि पॉलिहाऊसचा कागद एलडी. शेडनेट एचडी. केळीच्या घडावरच्या न विणलेल्या पिशव्या पीपी (पॉलिप्रॉपिलीन), बऱ्याच दोऱ्याही पीपी. मासेमारीची जाळी बहुधा नायलॉनची. शंका असेल तर तुकडा बादलीभर पाण्यात दाबून, हवेचे बुडबुडे काढून सोडा: एलडी, एचडी, पीपी तरंगतात, नायलॉन आणि पीव्हीसी बुडतात. पीपी १६० अंशांच्या आसपास वितळतं, एलडी ११० च्या, त्यामुळे तरंगणाऱ्यांतलंही एकत्र करू नका. काडी पेटवून वास घ्यायची पद्धत सोडा. पीव्हीसी असेल तर आम्लाचा धूर थेट नाकात जातो. कीटकनाशकांचे डबे तर या मालाच्या जवळपासही नकोत.

गठ्ठा आणि गिऱ्हाईक

घडी घालून त्याच कागदाच्या पट्टीने बांधा. तार किंवा सुतळी गेली की ती पुन्हा वेचावी लागते. छपराखाली, जमिनीपासून उंच, कडब्याच्या गंजीपासून लांब ठेवा. ७५ किलोसाठी कुणी टेम्पो पाठवत नाही. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा मच्छीमार सोसायटीने एका जागी माल जमवला तरच गाडी भरते. आधी किलोभर नमुना दाखवून विचारा: काळा-चंदेरी मल्चिंग घेता का, ताडपत्री घेता का, किती माती चालते. भाव फार मिळेल ही आशा धरू नका. वाहतूक निघाली तरी पुष्कळ.

कंपन्यांनी माल परत घ्यावा, अशी जबाबदारी २०२२ च्या केंद्रीय नियमांनी टाकली, पण ती पॅकेजिंगवर. मल्चिंग पॅकेजिंग नाही. म्हणून दारात कुणी येत नाही. नोंदणीकृत रीसायकलरांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर मिळते. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक कचरा व्यवस्थापन युनिट, त्यासाठी १६ लाखांपर्यंत निधी, अशी तरतूद आहे. तुमच्या तालुक्यातलं सुरू आहे का, ते पंचायत समितीत विचारा आणि शेतीचा कागद घेतात का, हेही. डिझेलचा, डांबराचा, मिश्र असा जो माल दाण्यासाठी कुणीच घेणार नाही, तो वेगळ्या गोण्यांत भरून सिमेंट भट्टीकडे (इंधन म्हणून) पाठवायची सोय आहे का, हे त्याच फेरीत विचारून घ्या.